पुलिकतचे रोहित आणि श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण

कवड्या

गेली सात-आठ वर्षं दर हिवाळ्यात भिगवणला जातो. या वेळी रोहितांसाठी (फ्लेमिंगो) दूर जायचं ठरवलं: पुलिकत. चिलिकाच्या खालोखाल देशातलं सगळ्यात मोठं खाऱ्या-मचूळ पाण्याचं सरोवर. बरंचसं आंध्रात, दक्षिणेचं टोक तमिळनाडूत. सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये एक लांबट बेट आडवं पडलंय, ते श्रीहरिकोटा. तिकिटं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची काढली होती, ती पाखरांसाठी. नंतर बातमी आली की २९ जानेवारी २०२५ ला सकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी इस्रोचं जीएसएलव्ही-एफ१५ रॉकेट उडणार आणि ते श्रीहरिकोट्याहून होणारं शंभरावं उड्डाण असणार. सासरे शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना फोन केला, तर त्यांनी बॅग भरायलाच घेतली.

मी, बायको आणि सासरे असे तिघं. चेन्नईहून लोकलने सुल्लूरपेटा, साधारण ८० किलोमीटर. लॉज आधीच घेऊन ठेवा, उड्डाणाच्या तारखेला गावात खोली मिळणं कठीण असतं.

२८ तारखेचा दिवस नेलपट्टूला दिला. सुल्लूरपेटापासून वीसेक किलोमीटर, दोरवारीसत्रमजवळ. छोटं तळं आणि पाण्यातच उभी असलेली निवराची झाडं. झाडं म्हणजे झोळीवाल्यांच्या (पेलिकन) घरट्यांचे मजलेच. एका फांदीवर चार-पाच घरटी, त्यात पांढऱ्या लवेची, अजून पंख न फुटलेली पिल्लं. मोठी पाखरं जवळजवळ गप्प असतात, कालवा सगळा पिल्लांचा. एक झोळीवाला आमच्यापासून तीसेक मीटरवर उतरला. घरट्यात दोन पिल्लं होती. त्यातल्या मोठ्याने आईच्या (की बापाच्या, दोघंही भरवतात) चोचीत डोकं घातलं, मग मान, मग खांदेही. बाहेर राहिलं ते फक्त थरथरणारं बूड. सगळं शरीर धडपडत होतं आणि मोठं पाखरू डोळे अर्धवट मिटून उभं. मिनिटभराने पिल्लू बाहेर आलं ते लडबडलेलं, आणि चक्क आडवं पडलं. बायको घाबरली, मेलं की काय म्हणून. नाही, थोड्या वेळाने उठून परत झोळी मागायला लागलं.

त्याच झाडांवर मुग्धबलाक, रातबगळे, पांढरे कुदळ्या, छोटे पाणकावळे. वास उग्र येतो. आमच्याबरोबर गावातले एक आजोबा होते, त्यांनी हातवारे करून सांगितलं की हेच पाणी भाताच्या खाचरात गेलं की वेगळं खत लागत नाही. झोळीवाल्याला ते ‘गूडबातू’ म्हणतात. हा शब्द सासऱ्यांनी वहीत लिहून घेतला.

आता २९ तारीख. पहाटे साडेचारला निघालो. पौषातली अमावास्या, आकाश ताऱ्यांनी भरलेलं. उड्डाण बघायला इस्रोने बांधलेली गॅलरी आहे. आम्ही मुद्दाम तिकडे गेलो नाही, कारण मला त्या क्षणी पाखरांसमोर असायचं होतं. सरोवराच्या काठावर, लोकांची गर्दी संपते त्याच्या बरंच पुढे, एका बांधाजवळ बसलो. अंधारात काही दिसत नव्हतं, फक्त आवाज. रोहित रात्रीही चरतात हे वाचलं होतं, ऐकलं पहिल्यांदाच: बदकांसारखा घोगरा, सतत चाललेला गलका, आणि मधेच पाण्यात पाय ओढल्याचा चुळुक चुळुक.

सहाच्या सुमाराला पूर्वेला तांबूस पट्टा उमटला आणि पाखरं दिसू लागली. लांब उथळ पाण्यात रोहितांचा थवा, मोजता आले ते १८०, पलीकडे अजून होतेच. त्यांच्या अलीकडे तलवार बदकं, थापटे, काळ्या शेपटीचे पाणटिवळे, भरपूर शेकाटे. एक शेकाट्या बाकीच्यांपासून दूर, एकटाच, पाण्यात चोच डावी-उजवी फिरवत चालला होता. बांधाच्या मागे दोन म्हशी आणि त्यांच्यापाशी गायबगळे.

६:२३. आधी क्षितिजावर एक नारिंगी ठिणगी. जीएसएलव्हीचे चार द्रवइंधनी जोडरॉकेट मधल्या टप्प्याच्या ४.८ सेकंद आधी पेटतात, त्यामुळे क्षणभर ती ठिणगी जागेवरच धुमसल्यासारखी वाटली. मग उचलली गेली. जवळजवळ ५१ मीटर उंच, ४२० टन वजनाची वस्तू, आणि संपूर्ण शांतता! त्या शांततेची आमच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती. उजेड पाण्यावरून आमच्या पायांपर्यंत लांबच लांब पसरला. मी दुर्बीण रॉकेटवर न लावता रोहितांवर लावली. चार-दोघांनी मान वर केली. बाकीचे डोकं पाण्यात उलटं घालून चरत राहिले. एवढा उजेड, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

सासरे घड्याळ धरून बसले होते. चव्वेचाळिसाव्या सेकंदाला आवाज आला. कानात यायच्या आधी छातीत आला. गडगडाट नव्हे, कुणी जाड कापड फाडत राहावं तसा तडतडाट, थांबेचना. आणि तेव्हा पाखरं उठली. आधी तलवार बदकं, सगळी एकदम. मग पाणटिवळे. शेकाट्यांनी आरडाओरडा करत एक फेरी मारली. रोहित मात्र उडाले नाहीत. सगळ्यांच्या माना एकाच वेळी सरळ वर गेल्या, अंगाला अंग लावून थवा दाट झाला आणि तो सगळा गुलाबी-पांढरा घोळका एका दिशेने चालू लागला. भराभर, पण चालतच. फक्त कडेचे दहा-बारा उडाले, त्यांच्या पंखांखालचा लाल रंग पहाटेच्या उजेडात लख्ख दिसला. म्हशींजवळचे गायबगळे जागचे हलले नाहीत.

तोवर रॉकेट उंच गेलं होतं आणि धुराची शेपूट एकदम सोनेरी झाली. खाली आमच्याकडे सूर्य उगवायचा होता, वर तिथे उगवला होता.

तीन-साडेतीन मिनिटांत बदकं उतरली. रोहितांची डोकी परत पाण्यात. सासऱ्यांनी वहीत ४४ ला ०.३४४ ने गुणलं आणि म्हणाले, “पंधरा किलोमीटर. आता नकाशावर मोज.” मोजलं. पंधराच्या जरा वर आलं.

श्रीहरिकोट्याचं अंतराळ केंद्र ज्यांच्या नावाचं आहे ते सतीश धवन मूळचे वायुगतिकीचे अभ्यासक. इस्रोचे अध्यक्ष होते आणि पक्षी कसे उडतात यावर त्यांनी पुस्तक लिहिलंय. २००२ मध्ये केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. दाराबाहेर रोहितांचे थवे उतरतात अशा जागेला ते नाव आहे, याचं मला फार बरं वाटतं.

कुणी गेलं असेल तर लिहा. दुसऱ्या उड्डाणांच्या वेळी पाखरं कशी वागली हे मला खरंच जाणून घ्यायचंय. माझी एकच सकाळ आहे.

---

भिगवणवाला

अंगावर काटा आला वाचताना. ‘चालतच’ हे अगदी बरोबर. आमच्याकडे उजनीतही रोहित आधी चालतात. उडणं हा त्यांचा शेवटचा उपाय. एवढा जड पक्षी, उडायला पाण्यावरून धावत जावं लागतं, ताकद खर्च होते. म्हणूनच आमच्याकडे काही जण फोटोसाठी होडी थव्याच्या अंगावर घालतात तेव्हा जीव तुटतो. एकदा सकाळी आठ ते अकरा या वेळात तोच थवा पाच वेळा उडवलेला मी पाहिला आहे. होडीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, मागे बसलेला माणूस ‘अजून जवळ घे’ म्हणत असतो.

तुमच्या लेखात रॉकेटने त्यांना साडेतीन मिनिटं चालवलं. आम्ही तीन तास उडवतो.

---

पाणथळ

छान लिहिलंय, पण एका सकाळीवरून ‘रॉकेटचा त्रास नाही’ असं कुणी म्हणू नये एवढीच विनंती. उडाले नाहीत म्हणजे घाबरले नाहीत असं होत नाही. मान वर करून, दाटीने चालणं हीच भीती आहे. नुसती चरणारी पाखरं आणि घरट्यावर बसलेली पाखरं यांच्यातही फरक आहे. घरट्यातून मोठी पाखरं एकदम उठली की अंडी खाली पडतात, कावळे साधतात. नेलपट्टूत उड्डाणाच्या वेळी काय होतं ते कळायला हवं.

---

कवड्या

पाणथळ, बरोबर आहे तुमचं. ‘त्रास नाही’ असं मला म्हणायचं नव्हतं. उजेडाला नाही, आवाजाला घाबरले, एवढंच मी पाहिलं. नेलपट्टूत त्या वेळी आमच्यातलं कुणी नव्हतं.

---

चेन्नईकर_काकू

मी होते की! त्या दिवशी नाही, आदल्या वर्षी. १ जानेवारी २०२४, पीएसएलव्ही-सी५८ रॉकेट, एक्सपोसॅट उपग्रह घेऊन गेलं ते. सकाळी ९:१० ला. आम्ही नेलपट्टूच्या मनोऱ्यावर होतो. चेन्नईत बावीस वर्षं झाली, दर वर्षी एक फेरी तरी होतेच.

तिथून तळ बराच लांब. झाडांच्या वर धुराची पांढरी रेघ चढताना दिसली, आणि आवाज यायला दीड मिनिट गेलं. आला तोही लांबून मालगाडी पुलावरून जावी इतपत. माझी नजर एका घरट्यावर होती. झोळीवाल्याने मान जराशी फिरवली, परत पिसं साफ करायला लागला. एकही पाखरू उठलं नाही. पुढे दहा मिनिटांनी एक घार झाडांवरून खाली आली, तेव्हा मात्र अख्ख्या वसाहतीत गोंधळ. म्हणजे भीती कशाची बाळगायची हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तुमच्यासारखंच, एका दिवसाचं पाहिलेलं सांगते. तेही पीएसएलव्ही, जीएसएलव्हीपेक्षा लहान.

कवड्या, तारखेबाबत तुम्ही नशीबवान. सगळ्यांना सांगते, हाताशी एक दिवस जास्त ठेवूनच या. ४ डिसेंबर २०२४ ला प्रोबा-३ चं उड्डाण होतं, दुपारी ४:०८ ला. युरोपचा उपग्रह. तासाभरापेक्षा कमी वेळ उरला असताना उपग्रहात काही दोष दिसला म्हणून थांबवलं. कितीतरी माणसं लांबून आलेली, संध्याकाळच्या गाडीने परत गेली. दुसऱ्या दिवशी ४:०४ ला व्यवस्थित उडालं. आम्ही थांबलो होतो. पण खरं सांगू का, त्या रिकाम्या संध्याकाळी आम्हाला पाण्यावर चित्रबलाकांची रांग मिळाली, उड्डाणाच्या गर्दीत ती दिसलीच नसती. पाखरांसाठी आलेल्या माणसाचा दिवस फुकट जात नाही.

आणि त्याच आठवड्याचं दुसरं सांगते. ३० नोव्हेंबरला फेंगल वादळ येऊन गेलं होतं. सरोवर तुडुंब. पाणी खोल असलं की रोहितांचे पाय पुरत नाहीत, चोच तळाशी पोचत नाही. त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला रोहित तुरळक. पाणी ओसरलं की जानेवारीत येतात. रोहित बघायचे तर जानेवारी-फेब्रुवारी.

---

कक्षा

सोनेरी शेपटीचं गणित करून पाहिलं. सूर्योदय तिथे ६:३५ च्या आसपास असणार, म्हणजे उड्डाणाच्या वेळी सूर्य क्षितिजाखाली तीनेक अंश. तीन अंशांना पृथ्वीची सावली आपल्या डोक्यावर साधारण ९ किलोमीटरपर्यंत असते. त्याच्या वर गेलेला धूर उन्हात. तुमच्या सासऱ्यांना हे नक्की दाखवा.

त्या उड्डाणाबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. रॉकेटने काम चोख केलं, एनव्हीएस-०२ उपग्रह ठरल्या कक्षेत सोडला. पण पुढे उपग्रहाची स्वतःची इंजिनं पेटवायला ऑक्सिडायझर (इंधन जळायला लागणारा पदार्थ) नेणारी झडप उघडली नाही, त्यामुळे कक्षा उंचावता आली नाही. दिशादर्शनासाठीचा उपग्रह, २,२५० किलोचा. ते वाचलं त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. इतक्या लोकांच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीची वाट एका झडपेने अडवली.

श्रीहरिकोट्याची सुरुवात ९ ऑक्टोबर १९७१ ला एका लहानशा रोहिणी रॉकेटने झाली. १९७९ चं पहिलं एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडलं, तेव्हा धवन स्वतः पत्रकारांसमोर उभे राहिले. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला ते यशस्वी झालं, तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. असा माणूस.

---

टायटसव्हिल_वरून

फ्लोरिडातून लिहितोय. आमच्याकडे केनेडी स्पेस सेंटरच्या भोवती मेरिट आयलंडचं अभयारण्य आहे, १९६३ पासून. नासाने तळासाठी घेतलेली, पण वापरात नसलेली जमीन पाखरांना मिळाली. सुरक्षेसाठी माणसं बाहेर ठेवली की पाखरांचं आपोआप फावतं. फ्लोरिडाखेरीज जगात कुठेही नसलेला निळा स्क्रब-जे तिथे अगदी जवळून दिसतो. गुलाबी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) तर रस्त्याच्या कडेला.

पण दुसरी बाजूही आहे. डासांचा बंदोबस्त म्हणून तिथल्या खाऱ्या दलदलीत बांध घालून पाणी साठवलं. तिथे राहणाऱ्या एका काळपट चिमणीचं, डस्की सीसाइड स्पॅरोचं, घरच त्यात गेलं. शेवटची चिमणी १९८७ मध्ये पिंजऱ्यात मेली. रॉकेटच्या आवाजाने ती गेली नाही. पाण्याची पातळी बदलली म्हणून गेली.

अजून एक: १९९५ मध्ये डिस्कव्हरी शटल उड्डाणाला उभं होतं. फ्लिकर जातीच्या सुतारपक्ष्यांनी इंधनटाकीच्या फोममध्ये दोनशेच्या आसपास भोकं पाडली, घरटं करायला. शटल परत आत न्यावं लागलं. जूनमधलं उड्डाण १३ जुलैला झालं.

---

पाणथळ

टायटसव्हिल, चिमणीचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. पुलिकतलाही प्रश्न पाण्याचाच आहे. सुल्लूरपेटाहून बेटावर जाणारा रस्ता सरोवराच्या मधून जातो. मोऱ्या आहेत, तरी सरोवराचे दोन भाग झालेत, पाणी पूर्वीसारखं मोकळं खेळत नाही. त्यात समुद्राकडची मुखं वाळूने बुजतात. मुख बुजलं की भरती-ओहोटी आत येत नाही, उन्हाळ्यात उत्तरेचा भाग वाळतो, मासळी घटते. मासळीवर कोळी जगतात आणि पाखरंही.

आणि माणसांचंही लिहू या. केंद्र झालं तेव्हा बेटावरच्या यानादी लोकांना आपली जागा सोडावी लागली. जंगलातली मुळं, मध, औषधं यांची माहिती असलेले लोक. उड्डाणाच्या दिवशी समुद्राच्या ठरावीक पट्ट्यात होड्या जाऊ शकत नाहीत, म्हणजे कोळ्यांची त्या दिवसाची कमाई बुडते. टाळ्या वाजवताना हेही आठवावं. मी रॉकेटच्या विरोधात नाही, माझा मुलगा त्याच क्षेत्रात शिकतोय.

---

कवड्या

पाणथळ, हे मी लेखात घ्यायला हवं होतं. त्या रस्त्याने आम्ही चार वेळा गेलो. दोन्ही बाजूंचं पाणी वेगवेगळं दिसत होतं, एकीकडे निळसर भरलेलं, दुसरीकडे चिखल वर आलेला. मी त्याचं कारण शोधलं नाही, फक्त ‘या बाजूला जास्त पाखरं’ अशी नोंद केली. आता परत बघीन तेव्हा मोऱ्यांपाशी थांबून बघीन.

भिगवणवाला, तुमचं वाक्य सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, रॉकेट थांबवणं आपल्या हातात नाही, होडी थांबवणं आहे. यापुढे आमच्या गटात ‘जवळ घे’ कुणी म्हणणार नाही.

---

केशरभात

मुलांना घेऊन जावं का? वय ७ आणि १०. गॅलरीत नेऊ की काठावर?

---

चेन्नईकर_काकू

नक्की न्या. पहिल्या वेळी गॅलरीत न्या, बसायला पायऱ्या आहेत, मोठे पडदे आहेत, उलटगणती ऐकू येते. मुलं दहापासून ओरडत मोजतात, तो आनंद काठावर नाही. नोंदणी ऑनलाइन, फुकट, उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि लवकर भरते. ओळखपत्रं जवळ ठेवा. धाकट्याच्या कानाला हात लावायला सांगा, पण आवाज यायच्या आधी नको, ती शांतता त्यालाही मिळू दे. पाखरांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अटकानितिप्पाला थांबा. जेवायला सुल्लूरपेटात साधं भात-पप्पू कुठेही चांगलं मिळतं, तिखट मात्र असतं.

कवड्या, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तो दूर एकटा चालणारा शेकाट्या. चोच डावी-उजवी फिरवत होता असं लिहिलंय तुम्ही. शेकाट्या असं करत नाही, तो टोचून खातो. फोटो आहे का? पाय गुलाबी होते की निळसर?

---

कवड्या

काकू, फोटो अंधारातला आहे, पाय पाण्यात. पण मोठा करून पाहिला. चोच टोकाला वर वळली आहे, स्पष्ट. डोक्यावरची काळी टोपी मानेमागे उतरते आहे.

उचाट्या! भिगवणला इतक्या वर्षांत मला कधी मिळाला नव्हता. सासऱ्यांच्या वहीत खोडून दुरुस्त केलं, यादी आता ४७ ची झाली.